पुराच्या आराखड्यात आपल्या घरातलं माणूस आहे का? (दिव्यांग, अंथरुणावरचे आजारी, मराठी न येणारे कामगार)

पंचगंगाकाठ

आमच्या शिरोळ तालुक्यात (जि. कोल्हापूर) मे उजाडला की गावोगावी पूर आराखड्याच्या बैठका सुरू होतात. आमच्या गावची नुकतीच झाली. समितीवर असल्यामुळे आराखडा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायला मिळाला. बोटी किती, पट्टीचे पोहणारे कोण, जनावरांची छावणी कुठे, कुठल्या गल्लीची कुटुंबं कुठल्या शाळेत जाणार, हे सगळं व्यवस्थित लिहिलंय. दिव्यांगांसाठी मात्र एकच ओळ आहे: वृद्ध, दिव्यांग व गरोदर माता यांना प्राधान्याने हलवावे.

कोणी हलवावे? कशात बसवून? नेऊन ठेवायचं ती खोली कुठली? तिथल्या संडासापर्यंत ते माणूस जाणार कसं? यातलं काहीच त्यात नाही. २०१९ च्या पुरावेळीही ही ओळ होती आणि २०२१ च्या पुरावेळीही होती.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम ८ जरूर वाचा. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांगांच्या तपशिलाची नोंद ठेवली पाहिजे आणि धोक्याची माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याची योग्य व्यवस्था केली पाहिजे, असं त्यात सरळ लिहिलंय. राष्ट्रीय प्राधिकरणाने २०१९ मध्ये यासाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचनाही काढल्या. म्हणजे कायदा आहे, सूचना आहेत. गावच्या आराखड्यात त्यांची ती एक ओळ होऊन बसते.

मला या धाग्यावर एकच गोष्ट लावून धरायची आहे. आपल्याकडचा पूर ढगफुटीसारखा अंगावर येत नाही. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा चारही नद्या आपल्या तालुक्यात एकत्र येतात, फुगवटा चढत जातो आणि तो चढताना सगळ्यांना दिसतो. कोल्हापूरला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांवर इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. मधले हे चार फूट म्हणजे हाती असलेला वेळ. धडधाकट माणूस ४३ फुटांना निघाला तरी ट्रॅक्टरवर उडी मारून जातो. ज्याला उचलून न्यावं लागतं, ज्याची औषधं, नळ्या, गादी सोबत न्यावी लागते, त्याने ३९ लाच निघायला हवं, तेही रस्त्याने, स्वतःच्या व्हीलचेअरवर बसून आणि दिवसाउजेडी. आपण त्याला बोटीची वाट पाहत शेवटपर्यंत घरात ठेवतो आणि मग ‘प्राधान्याने’ उचलतो. सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ ला भरलेली बोट उलटून माणसं बुडाली, ते इथे कुणाला सांगायला नको. चालता न येणाऱ्या माणसाची त्या बोटीपर्यंत जायची वेळच येऊ नये.

तुमच्या गावात, शहरात, सोसायटीत याची काही नीट व्यवस्था असेल तर लिहा. ग्रामसभेच्या आधी आराखड्याला जोडपत्र तयार करायचंय.

हिरवा चाफा

ताई, ३९ फुटांचा मुद्दा शंभर टक्के पटला.

पण यादी नाही असं नाही. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, त्यासाठी प्रत्येक ग्रामसेवकाकडे नावं असतात. तीच काढून आराखड्याला जोडता येतील. नव्याने सर्व्हे करायचा म्हटलं की काम पुढच्या वर्षावर जातं.

पंचगंगाकाठ

ती यादी हाताशी घेऊनच सुरुवात केली, पण ती पुरत नाही. योजनांचा लाभ मिळायला किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. ३५ टक्के असलेल्या माणसालाही पाण्यातून चालता येत नाही. शिवाय मांडीचं हाड मोडून अंथरुणावर असलेल्या आजी, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणारे काका, नववा महिना लागलेली सून यांची नावं त्या यादीत कधीच नसतात. उलट त्या यादीतल्या काहींना पुरात कुणाच्याही मदतीची गरज नसते. आमच्याकडे एका पायाने अधू असलेले एक मामा आहेत. गेल्या दोन्ही पुरांत नावेवर वल्हं मारायला तेच होते.

म्हणून अपंगत्वाचा प्रकार कमी आणि मदत काय लागेल ते जास्त विचारायचं. आशाताई (गावच्या आरोग्य कार्यकर्त्या) घरोघर जातातच, त्यांना हे सगळं तोंडपाठ असतं.

फिजिओ_सांगली

पाठीच्या कण्याला इजा झालेल्या रुग्णांबरोबर काम करते, म्हणून सविस्तर लिहिते. जोडपत्रात हा भाग घालाच.

बचावाला येणारी मुलं धाडसी असतात. दोघं येतात, एक जण काखेत हात घालतो, दुसरा पाय धरतो आणि उचलतात. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला या ओढाताणीत काही जाणवत नाही. बोटीच्या कडेला मांडी घासली, कातडी सोलली, तरी कळत नाही. दुसऱ्या दिवशी जखम दिसते आणि पुराच्या पाण्यात ती चिघळते. शिवाय ज्यांचे खांदे कमजोर आहेत त्यांना काखेत धरून उचललं तर खांदा निखळू शकतो.

आधी त्या माणसालाच विचारा, ‘तुम्हाला कसं उचलू?’ तो वर्षानुवर्षं रोज उचलून घेत असतो, त्याला नेमकं माहीत असतं. लघवीची नळी असेल तर पिशवी पोटाच्या खालच्या पातळीला ठेवायची. उचलणाऱ्याने घाईत ती छातीवर ठेवली की लघवी उलटी चढते. उचलायच्या आधी पिशवी रिकामी करा.

सर्वांत जास्त विसरली जाते ती बसायची गादी. व्हीलचेअरवरची ती हवेची किंवा जाड फोमची गादी लोकांना साधी उशी वाटते आणि ती घरात राहते. मग हा माणूस शाळेतल्या लाकडी बाकावर किंवा फरशीवर बसून राहतो. पलंगावर दर दोन तासांनी कूस बदलायची असते, बसल्या जागी त्याहूनही वरचेवर अंग उचलून घ्यायचं असतं. ते झालं नाही की दोन-तीन दिवसांत बैठकीच्या जागी लाल चट्टा पडतो आणि तो बरा व्हायला महिने लागतात. पूर ओसरल्यावर आमच्याकडे असे रुग्ण येतात. ते पुरात वाचलेले असतात, पण पुढचं अर्धं वर्ष पालथे पडून काढतात.

माणसासोबत गादी, नळ्या, हातमोजे, आठवड्याची औषधं आणि व्हीलचेअर हे एकच सामान समजा. व्हीलचेअर पुढच्या फेरीला आणू असं म्हणतात, पण पुढच्या फेरीला कुणीतरी छतावर अडकलेलं असतं.

वाशिष्ठी

फिजिओताई, हे छापून गावोगावी लावण्यासारखं आहे.

चिपळूणचं सांगते. आमच्याकडे ३९ आणि ४३ असं काही हाती नव्हतं. २२ जुलै २०२१ ला पहाटे जाग आली तेव्हा पाणी जिन्यात होतं. मोबाईलला रेंज नाही, वीज नाही, कुणाला फोन लावायची सोयच नाही. अशा ठिकाणी बाहेरून कोण येणार यावर आराखडा उभा राहू शकत नाही. आमच्या इमारतीत तळमजल्यावरच्या आजोबांना वरच्या मजल्यावरच्या दोन पोरांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्ची दोन्ही बाजूंनी धरून वर नेलं. ते आधी ठरलेलं नव्हतं. मुलं घरी होती म्हणून झालं.

आता आम्ही इमारतीपुरतं ठरवून टाकलंय. तळमजल्यावरच्या प्रत्येक घराला वरचं एक घर जोडलंय. पावसाळ्यात कुणी गावाला निघालं तर आपली जबाबदारी दुसऱ्या घरावर सोपवून जायचं. ऑक्सिजनचं मशीन असलेल्या एका काकूंसाठी भरलेला सिलिंडर जूनपासूनच वरच्या मजल्यावर ठेवतो, कारण महावितरण लाइन बंद करणारच, आणि ती बंद केलीच पाहिजे.

मिरज_कर्णबधिर

मी जन्मापासून ऐकू शकत नाही. लिहून बोलतो, त्यामुळे इथे माझी काही अडचण नाही. पुरात मात्र होती.

पूर आला की गावात रिक्षावर स्पीकर लावून फिरतात. मला कळत नाही. पोलीस पाटील दार वाजवतात. मला कळत नाही. गावच्या ग्रुपवर सरपंच व्हॉइस मेसेज टाकतात. त्याचंही तेच. २०१९ ला आमच्या गल्लीतले लोक सामान डोक्यावर घेऊन निघालेले मी खिडकीतून पाहिले तेव्हा समजलं. पत्नीही कर्णबधिर आहे. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती.

रात्री बोट येते तेव्हा बचाव करणारा टॉर्च माझ्या तोंडावर मारतो. मला फक्त झगझगीत उजेड दिसतो, त्याचे ओठ आणि हात दिसत नाहीत. त्याने टॉर्च स्वतःच्या चेहऱ्यावर आणि हातावर धरावा. एवढी एक गोष्ट प्रत्येक बचाव पथकाला शिकवा. ‘एकेक या’, ‘खाली बसा’, ‘हलू नका’, ‘परत येतो’ हे चार-पाच इशारे ठरवून द्या. ‘परत येतो’ हा सर्वांत महत्त्वाचा. बोट आम्हाला सोडून जाताना दिसली की आम्ही पाण्यात उतरू.

सगळे कर्णबधिर वाचू शकतात असं समजू नका. माझ्या शाळेतल्या बऱ्याच मित्रांना लांब मराठी मजकूर समजत नाही. खेड्यातले कितीतरी जण शाळेतच गेले नाहीत, त्यांना भारतीय सांकेतिक भाषाही येत नाही. घरातले हातवारे तेवढे येतात. त्यांच्यासाठी चित्र लागेल किंवा ओळखीचं माणूस लागेल. जिल्ह्याचा व्हिडिओ निघतो त्यात कोपऱ्यात दुभाषी दिसला तर आम्ही तो एकमेकांना पाठवतो आणि समजावून सांगतो.

२०२३ मध्ये मोबाईलवर सरकारी इशाऱ्याची चाचणी झाली तेव्हा फोन जोरात थरथरला आणि पडद्यावर मजकूर आला. ते मला फार आवडलं. ज्यांच्याकडे जुने बटणांचे फोन आहेत त्यांच्याकडे जाऊन सांगावं लागेल.

पंचगंगाकाठ

दादा, टॉर्चचा मुद्दा बोटीवरच्या मुलांना आजच कळवला. आपण सांगितलेले इशारे जोडपत्रात घेते आहे. जूनमधल्या रंगीत तालमीला येऊ शकाल का? आपण आणि वहिनी दोघंही. इशारे ठरवायचे ते आपणच ठरवावेत, आमच्या समितीने आपल्या मनाने नकोत.

मिरज_कर्णबधिर

येतो. दोन मित्रांनाही आणतो. त्यातल्या एकाला वाचता येत नाही, तो हवाच.

माग_इचलकरंजी

धाग्याच्या नावात मराठी न येणाऱ्या कामगारांचा उल्लेख आहे, म्हणून लिहितो.

इचलकरंजीत यंत्रमागावर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची माणसं किती आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. बरेच जण मागाजवळच्या खोल्यांत राहतात. खोली सखल भागात असते कारण तिथे भाडं कमी. बारा तासांची पाळी. मागाच्या खडखडाटात शेजारचा माणूस ओरडून बोलला तरी ऐकू येत नाही, तिथे रस्त्यावरच्या रिक्षाचा स्पीकर काय ऐकू येणार? रात्रपाळी करून दिवसा झोपलेल्या माणसालाही नाही.

आणि ऐकू आलं तरी ऐकायचं काय? ‘राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले असून विसर्ग अमुक क्युसेक.’ आपल्या लोकांना राधानगरीचा दरवाजा म्हणजे काय ते अंगवळणी आहे. बालासोरहून आलेल्या पोराला त्यातून ‘आज संध्याकाळच्या आत खोली सोड’ असं कसं कळावं? त्यात त्याला ओडिया लिपी येते, देवनागरी नाही.

आमच्या भागात जे उपयोगी पडलं ते असं: जॉबर (मागावरचे मुकादम), खाणावळवाले आणि किराणा दुकानदार यांच्याकडे हिंदीतला एक छोटा आवाजी निरोप द्यायचा. उधारीची वही दुकानदाराकडे असते, त्यामुळे कुठल्या खोलीत किती माणसं राहतात ते त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. ओडियातला निरोप त्यांच्यातल्याच एका जुन्या कामगाराच्या आवाजात करून घेतला. निरोपात क्युसेक नाही. पाणी कुठपर्यंत येणार, किती वाजेपर्यंत निघायचं, कुठल्या शाळेत जायचं, जेवण मिळेल का, आधार कार्ड लागेल का, एवढंच. शेवटचे दोन प्रश्न फार महत्त्वाचे आहेत. परगावची माणसं ‘आपल्याला तिथे घेणार नाहीत’ या भीतीने खोली सोडत नाहीत.

साकुरा_पुणे

सध्या जपानमध्ये राहते, म्हणून वरच्या मुद्द्याला जोडून लिहिते.

१७ जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपात परदेशी लोकांना सूचनाच समजत नव्हत्या, कारण अधिकृत जपानी फार अवघड असते. त्यानंतर हिरोसाकी विद्यापीठातल्या भाषातज्ज्ञांनी आपत्तीसाठी सोपी जपानी तयार केली. ‘उंच भूभागाकडे स्थलांतर करावे’ ऐवजी ‘उंच जागी पळा’. २०११ च्या त्सुनामीनंतर टीव्हीच्या पडद्यावर मोठ्या सोप्या अक्षरात ‘त्सुनामी! पळा!’ असं दाखवायला सुरुवात झाली. ती परदेशी लोकांसाठी निघाली, पण म्हातारी माणसं, मुलं, बौद्धिक अक्षमता असलेले, सगळ्यांनाच तिचा उपयोग होतो. वीस भाषांत भाषांतर करत बसण्याआधी आपली मराठी सोपी केली तरी अर्धं काम होईल.

दुसरं, त्या २०११ च्या आपत्तीत बाधित भागात दिव्यांगांचं मृत्यूचं प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या सुमारे दुप्पट होतं. एवढी तयारी असलेल्या देशात! २०२१ मध्ये इथला कायदा बदलला. मदत लागणाऱ्या प्रत्येक माणसाचा स्वतंत्र स्थलांतर आराखडा करण्याचा प्रयत्न नगरपालिकांनी केलाच पाहिजे, असं त्यात आलं. एक माणूस, एक पान. कोण येणार, कुठल्या वाटेने, कुठे. सगळ्या नगरपालिकांत ते पूर्ण झालेलं नाही, माणसं मिळत नाहीत ही इथलीही रड आहेच. पण पान कसं असावं याचा नमुना तयार आहे.

पांढरी काठी

पूर्ण अंध आहे, फोनवर स्क्रीन रीडरने हा धागा वाचतो आहे.

धरणसाठा आणि पाणीपातळीचं रोजचं पत्रक ग्रुपवर फोटो म्हणून फिरतं. माझा फोन ‘इमेज’ एवढंच बोलतो. टाकणाऱ्याने खाली दोन ओळी टाइप केल्या तर बायकोला किंवा मुलाला विचारायची गरज पडणार नाही. सरकारी पत्रकही स्कॅन केलेलं न देता मजकूर म्हणून द्यावं. याला एक रुपयाही खर्च नाही.

पाण्यात पांढरी काठी निकामी होते. गुडघाभर पाणी असलं की रस्त्याची कड, गटार, पायरी काहीच लागत नाही आणि सगळीकडून पाण्याचा एकच आवाज येत असल्यामुळे दिशाही कळत नाही. म्हणून ३९ फुटांचा मुद्दा आमच्यासाठीही तितकाच लागू आहे. पाणी रस्त्यावर यायच्या आधी मी एकटा चालत शाळेत जाऊ शकतो. नंतर मला धरून न्यावं लागतं.

शाळेत पोहोचल्यावर कुणीतरी एकदा माझ्याबरोबर फिरावं: दार इथे, पाण्याची टाकी इथे, संडास या भिंतीच्या कडेने. आणि माझी जागा भिंतीलगत द्यावी. हॉलच्या मधोमध दिली की रात्री उठल्यावर झोपलेल्या माणसांवर पाय पडतो. मग माणूस पाणी पिणंच कमी करतो, म्हणजे उठायला नको.

आंबेमोहर

सगळं छान, पण मला एक काळजी वाटते. कोणत्या घरात एकटी अंध बाई राहते, कोणत्या घरात फक्त अंथरुणाला खिळलेले आजोबा असतात, याची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली तर? आमच्याकडे लाभार्थ्यांच्या याद्या तशाच लागतात. पूर येईल तेव्हा येईल, चोर आधी येतील. एकट्या राहणाऱ्या मुलींच्या बाबतीत तर मला हे अजिबात चालणार नाही.

सह्यकडा

काळजी समजते. पण या भीतीने यादीच केली नाही तर बोटीतल्या माणसाला कळणार कसं की या घरात कुणी आहे? बंद दार, अंधार, आतून आवाज नाही. तो पुढे जाणार.

आंबेमोहर

यादी करू नका असं म्हटलंच नाही. फलकावर लावू नका, व्हॉट्सॲपवर टाकू नका, आणि त्या माणसाला विचारल्याशिवाय नाव घालू नका, असं म्हणतेय. नको म्हणण्याचा हक्क हवा.

सायलीवेल

आंबेमोहरताईंशी सहमत. त्यात भर घालते.

माझा मुलगा स्वमग्न आहे, आता पंधरा वर्षांचा. पुरात आम्हाला एका मंगल कार्यालयात ठेवलं होतं. दोनशे माणसं, भोंगा, रडणारी मुलं, सतत चालू असलेला टीव्ही, फोटो काढायला येणारे पाहुणे. दुसऱ्या दिवशी त्याने कान दाबून डोकं भिंतीवर आपटायला सुरुवात केली. लोक म्हणाले, याला आवरा, आमची लेकरं घाबरतात. त्यांचंही खरं होतं, तीही घर सोडून आलेली माणसं होती. तिथल्या व्यवस्थापकांनी शेवटी ‘दुसरीकडे सोय बघा’ म्हणून सांगितलं. दुसरीकडे सोय नव्हती. आम्ही चिखलाने भरलेल्या घरात परतलो.

काय हवं होतं? एक खोली. जिन्याखालची, सामानाची, कसलीही, फक्त दार लावता येईल अशी. शाळेत निवारा केंद्र असेल तर एक वर्ग अशा मुलांसाठी, तान्ह्या बाळांच्या आयांसाठी आणि डोकं दुखणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी राखून ठेवता येतो. तो फक्त पोराटोरांच्या ‘प्रॉब्लेम’साठी आहे असं कुणाला वाटणार नाही.

मी आता त्याची पिशवी करून ठेवते: त्याची स्टीलची ताटली, जुनी चादर, कानावरचे मोठे हेडफोन, चकल्यांचा डबा. शाळेचे वर्ग त्याला मे महिन्यातच नेऊन दाखवते. ओळखीच्या जागेत तो शांत राहतो. नोंदीत हे सगळं लिहायला जागा ठेवा.

हिरवा चाफा

आणि जनावरं! चिखली-आंबेवाडीकडे पाहुण्यांकडे बघितलंय. घरातला मोठा माणूस गोठा सोडून हलत नाही, आणि तो हलल्याशिवाय त्याच्या आधारावर असलेली आई हलत नाही. दोन म्हशी आधी हलवल्या की ते घर आपोआप हलतं. त्या पानावर जनावरांचाही रकाना ठेवा.

पूर ओसरल्यावर पंचनाम्यात कपडे, भांडी, घर, जनावरं यांची नोंद होते. वाहून गेलेली तीनचाकी, कुबड्या, श्रवणयंत्र लोक सांगतच नाहीत. तलाठ्याला सांगून लिहून घ्यायला लावा. नवीन साधन मागताना तो कागद दाखवता येतो.

पंचगंगाकाठ

सगळ्यांचे आभार. काल समितीसमोर मांडलं. ठरलं ते असं.

एक माणूस, एक पान. पानावर: मदत काय लागते (त्याच्याच शब्दांत), कसं उचलायचं, सोबत काय न्यायचं, निरोप कसा पोहोचवायचा, कुठली भाषा, जनावरं, शाळेतली जागा. खाली तीन नावं: नेणारा, तो नसला तर दुसरा, आणि वाहन कुणाचं. या तिघांच्या सह्या त्या घरात बसूनच घ्यायच्या, म्हणजे एकमेकांची तोंडओळख होते. पान दरवर्षी मे महिन्यात आशाताई आणि समितीतला एक जण मिळून तपासणार.

राजारामला ३९ फूट झाले की या पानांवरच्या माणसांना निघायला सांगायचं, आदेशाची वाट पाहायची नाही. यावर थोडी खडाखडी झाली. दर वर्षी ३९ होतं, पाणी गावात येतच नाही, मग लोक कंटाळतील, असं काहींचं म्हणणं पडलं. ते खोटं नाही. पण चार दिवस शाळेत किंवा पाहुण्यांकडे राहून परत येणं आणि मध्यरात्री बोटीत चढणं यातलं काय हवं, ते त्या घरांनाच विचारलं. बहुतेकांनी ३९ म्हटलं. दोन घरांनी ४१ म्हटलं, त्यांच्या पानावर ४१ लिहिलं.

प्रती फक्त तीन. एक पोलीस पाटलांकडे, एक आशाताईंकडे, एक त्या घरात प्लास्टिकच्या पाकिटात दारामागे. फलकावर नाही, ग्रुपवर नाही. बोटीवरच्या मुलांना फक्त घर क्रमांक आणि किती माणसं एवढंच मिळेल, तेही पाणी चढल्यावर.

शाळेचा रॅम्प ठीक आहे, पण संडासाचं दार अरुंद आहे, व्हीलचेअर आत जात नाही. ते दार ५ टक्के निधीतून रुंद करता येईल का हे ग्रामसेवक विचारून सांगणार आहेत.

फिजिओ_सांगली

ते दार रुंद होईपर्यंत मध्ये भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची आणि दोन पडदे ठेवा, सर्जिकलच्या दुकानात मिळते. तालमीला मीही येते. उचलायचं कसं ते मुलांना दाखवते, पण प्रत्यक्ष व्हीलचेअर वापरणारं कुणीतरी सोबत हवं.

पंचगंगाकाठ

खुर्ची घेऊन ठेवतो. तालमीला आमच्या गावातले दोघं तयार आहेत. त्यातले एक म्हणाले, मला आधी बोटीत न चढवता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवून दाखवा, मी तिनेच जाणार आहे. म्हणून सुरुवात ट्रॉलीपासून करतोय. फळ्या कुणाकडे आहेत ते बघायचंय, शिरोळ-कुरुंदवाड भागात कुणाकडे रुंद, न घसरणाऱ्या असतील तर कळवा.

माग_इचलकरंजी

ट्रकमध्ये सुताची बाचकी चढवायला आमच्याकडे असतात, खाली लोखंडी पट्टी मारलेल्या. वरून पोतं ठोकलं की घसरत नाहीत. दोन पाठवतो.